सैल सांध्यांची शिस्त

बोर्ली पंचतनच्या नाक्यावर एसटीला हात दाखवला आणि माझा उजवा खांदा जागेवरून निसटला. एसटी थांबली, पण हात काही खाली येईना.

"ताई, थांबलोय आम्ही. घ्या आता खाली हात," कंडक्टर म्हणाला.

अलिबागच्या डॉक्टरांनी खांदा बसवला. ही तिसरी वेळ, म्हणून तपासण्या झाल्या. माझे सांधे जन्मापासूनच प्रमाणाबाहेर सैल आहेत असं निघालं आणि मला फिजिओथेरपीला धाडलं. तिथली डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. "अंगठा मनगटाला टेकतो का?" तिने विचारलं. मी दोन्ही टेकवले. कोपर उलटं वळवून दाखवलं, तळवे जमिनीलाही लावले. लहानपणी पाहुण्यांपुढे हेच करून मी टाळ्या मिळवायचे.

"छान," ती म्हणाली. "हे सगळं आजपासून बंद."

बेचाळिसाव्या वर्षी माझी एकुलती एक कला गेली.

बदल्यात मिळालेले व्यायाम दिसायला अगदीच किरकोळ. आडवं पडून पोट जरासं आत घ्यायचं. खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा कोपर अंगाशी धरून ओढायचा. उभं राहताना गुडघे मागे जाऊ द्यायचे नाहीत. आणि दमायच्या आधी थांबायचं.

"यासाठी अलिबाग गाठलंस?" सासूबाई म्हणाल्या. "ह्यात व्यायाम कुठं हाय?" पण चार दिवस माझा घाम बघितल्यावर त्या स्टूल घेऊन समोरच बसायला लागल्या. मग स्वयंपाकघरात, देवळात, कुठेही हाक यायची, "गुडघा! मागं गेला!" बाजारातल्या मासेवालीनेही ते उचललं. सुरमई हातात धरून म्हणायची, "आधी गुडघा नीट करा, मग भाव सांगते."

चौथ्या महिन्यात मला हाव सुटली. सगळं दुप्पट केलं आणि दोन दिवस अंथरुणाला खिळले. आपलं शरीर आपलं ऐकतच नाही, या विचाराने रडू आलं. फोनवर डॉक्टर म्हणाली, "निम्म्यावर या. पुन्हा सुरुवात करू." सासूबाईंनी गरम पेज पुढे ठेवली. त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या निम्मंच करायचं. मी पण करते."

आणि खरंच करायला लागल्या. त्यांचे कुरकुरणारे गुडघे दोन महिन्यांत गप्प झाले. माझं गाडं मात्र मुंगीच्या पावलांनी चाललेलं.

वर्ष होत आलं तेव्हा तपासणीला त्याही सोबत आल्या. डॉक्टरने मला एका पायावर उभं केलं आणि किती सेकंद टिकते ते ती कागदावर लिहू लागली. मी उभी राहिले. गुडघा मागे गेला नाही, कंबर डगमगली नाही. हे शरीर आपण धरून ठेवलंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. डोळे भरून आले.

शेजारी बघते तर सासूबाई पदर खोचून एका पायावर उभ्या.

"माझं पण लिहा गो," त्या डॉक्टरला म्हणाल्या.

माझा पाय टेकला, तरी त्या उभ्याच होत्या.