पाण्याचे पाच कॅन

धड चालणाऱ्या गाडीबद्दल कुणाला काही सांगता येत नाही. बसलो, गेलो, उतरलो, संपलं. आमची गाडी चार वर्षं तापत होती, त्यामुळे भालकीत आमच्या दारात गाडी एकच असली तरी किस्से पोत्याने आहेत.

तापते म्हणून अप्पांनी उपाय काय काढला? पाच कॅन पाणी! डिकीत तीन, आईच्या पायाशी दोन. मावसबहिणीच्या लग्नाला गेलो तेव्हा आहेराची भांडी घरीच राहिली, कॅन मात्र पाचही आले. मांडवात लोक आहेर करत होते आणि माझे वडील नळ कुठे आहे ते विचारत फिरत होते.

*

कलबुर्गीच्या रस्त्यावर तर तापायची जागासुद्धा ठरलेली. हुमनाबादच्या अलीकडे गौराक्काचं चहाचं हॉटेल आहे, बरोबर तिथेच. अप्पा बॉनेट उघडणार, गौराक्का न विचारता चहा टाकणार, मग अर्धं कन्नड, अर्धं मराठी अशा गप्पा. तिची म्हैस कधी विणार, सून माहेरी का गेली, सगळं अप्पांना पाठ. इंजिन कधीच गार झालेलं असायचं, गप्पा नाही.

मागच्या उन्हाळ्यात कलबुर्गीच्या एका कॉलेजात माझी मुलाखत होती, फिजिक्सच्या लेक्चररची. दहाची वेळ. गौराक्काकडे अप्पांचे दोन चहा झाले आणि मी पोचले साडेबाराला. शिपाई दाराला कुलूप लावत होता.

येताना मी दार आपटून मागच्या सीटवर बसले. शेवटी अप्पाच म्हणाले, "गाडीला काय कळतंय, आज तुझी मुलाखत हाय म्हणून?"

*

यंदा तीच जागा पुन्हा निघाली. मी जाहीर केलं, बसने जाणार. अप्पांना ते लागलं. दारात गाडी असताना लेक बसने गेली तर लोक काय म्हणतील, वगैरे. मग मी अट घातली. गाडी मी दुरुस्त करणार आणि बुधवारी मुलाखतीला मीच चालवत नेणार. तापली, तर त्या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही.

लगेच सल्लागार आले. विरूअण्णा म्हणजे अप्पांचे मावसभाऊ. तीस वर्षं सरकारी बस चालवून रिटायर झाले, त्यामुळे जगातलं कुठलंही इंजिन त्यांच्या सल्ल्याशिवाय चालत नाही. गाडीला दृष्ट लागली हे निदान त्यांचंच. बॉनेटच्या आत लिंबू-मिरची त्यांनीच बांधली होती. इंजिनाच्या धगीत ती महिनाभर मुरली. बॉनेट उघडलं की लोणच्याचा वास!

मी इंजिन चालू ठेवून पाहिलं. इंजिन उकळतंय आणि रेडिएटर गार. म्हणजे मधला थर्मोस्टॅट अडकला होता. मी सगळ्यांना समजावलं, की ते इंजिनाचं दार आहे. पाणी तापलं की दार उघडायचं आणि पाणी रेडिएटरकडे गार व्हायला सोडायचं. आपलं दार उघडतच नाही.

विरूअण्णांना हे चक्क पटलं. "मग काढून टाक की. ते थंड मुलखासाठी असतंय, आपल्याकडं कामून पाहिजे? मी कितीक गाड्यांचं काढून फेकलंय."

खोटं नाही. आमच्याकडे बऱ्याच गाड्या अशा बिनदाराच्याच फिरतात.

"अण्णा, ऊन तुमच्या घरावरबी पडतंय. त्याचंबी दार काढून टाका की," मी म्हणाले.

दोन दिवस ते आमच्या घरी चहाला आले नाहीत.

*

पार्ट आणायला मी बसवकल्याणला गेले. गाडीचं मॉडेल, साल, सगळं कागदावर लिहून. दुकानदाराने कागद पाहिला, मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"घरातल्या कुणाला तरी फोन लाव, अक्का."

लावला. अप्पा आमच्या बियाण्यांच्या दुकानात होते. त्यांनी फोन दिला शेजारी बसलेल्या विरूअण्णांना. रुसवा घरापुरता होता, दुकानापुरता नव्हता! इकडे दुकानदाराने चारपाच वेळा "व्हय अण्णा" म्हटलं आणि पुडकं बांधून दिलं. घरी येऊन उघडलं तर आत नुसतं गॅस्केट. दार काढून टाकलं की फट बंद करायला तेवढंच लागतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मोबाइल मुद्दाम घरी ठेवून.

*

रविवारी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना मी जुना थर्मोस्टॅट काढला. आतलं पाणी गंजाने चहासारखं तांबडं झालेलं. मग जुना आणि नवा, दोन्ही दोऱ्याला बांधून एका जुन्या पातेल्यात सोडले आणि पातेलं गॅसवर ठेवलं.

पाणी तापत गेलं तसा नवा हळूच उघडला. जुना मात्र पाणी खळखळून उतू जायला आलं तरी ढिम्म.

आई पदराला हात पुसत वाकून बघत होती. मला समजावूनही सांगावं लागलं नाही.

"कितीबी तापलं तरी उघडायचं न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या अप्पांच्या घराण्यातलंच दिसायलंय."

*

बसवताना अंगणात दोन खुर्च्या पडल्या, एक अप्पांची, एक विरूअण्णांची. एका बोल्टला दोन सल्ले, दोन्ही उलट्या दिशेचे. गंज चढू न देणारं हिरवं कूलंट मी आणलं होतं, ते पाहून विरूअण्णांनी त्याला सरबत ठरवलं आणि अप्पांनी आपल्या बोअरच्या पाण्याची बादली पुढे सरकवली. हे पाणी सगळी गल्ली पिते म्हणे.

"गल्लीला गंज चढत न्हाई, अप्पा," मी म्हणाले. मग विरूअण्णांकडे बघून म्हणाले, "एकदोघं सोडून."

कूलंट भरलं, आतली हवा काढली, इंजिन चालू ठेवलं. दहा मिनिटं. वीस मिनिटं. तापमानाचा काटा मधोमध आला आणि तिथेच थांबला. चार वर्षांत अप्पांनी तो असा कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी वाकून काचेवर टिचकी मारली, एकदा, दोनदा.

"काटा अडकलाय," ते म्हणाले.

*

बुधवारी गाडी मी चालवत होते. अप्पा शेजारी. मी पाचही कॅन उतरवले होते, त्यांनी त्यातला एक मांडीवर घेतला होता. काटा मधोमध. गौराक्काचं हॉटेल दिसू लागलं तसे ते म्हणाले, "दोन मिनिटं थांबू. इंजिनाला जरा दम."

मी थांबले नाही. अप्पा मान वळवून बराच वेळ मागे बघत राहिले.

सव्वानऊला कॉलेजवर पोचलो. शिपाई तोच, पण या वेळी कुलूप उघडत होता. दुपारी प्राचार्यांनी सोमवारपासून यायला सांगितलं. बाहेर येऊन अप्पांना सांगितलं, तर त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि हात पुढे केला. "किल्ली दे. जाताना मी चालवतो."

गौराक्काच्या हॉटेलसमोर त्यांनी गाडी बाजूला घेतली. काटा मधोमध होता, मी स्वतः पाहिला. अप्पा उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

गौराक्का चहाचे कप घेऊन आली. "सकाळी गाडी बघून चहा टाकला, तर गाडी पुढंच गेली. तापली न्हाई व्हय आज?"

"तापली की," अप्पा म्हणाले. "लई तापली होती. पोरीची मुलाखत होती म्हणून कशीबशी रेटली."

गौराक्काने बॉनेटमध्ये डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं.

मी सीटवरचा कॅन उचलून अप्पांच्या हातात दिला. म्हणाले, "अर्धा तास तरी लागंल, अप्पा, गार व्हायला."