येडशीच्या उतारावर

शेजाऱ्यांनी आज फाटकाला रेड ऑक्साइड लावलाय. दुपारच्या उन्हात त्याचा उग्र वास भिंत ओलांडून माझ्या ओसरीपर्यंत येतो आणि निवडायला घेतलेली मेथी मी तशीच बाजूला सारते. आमच्या अंगणात हा वास दोन वर्षं मुक्कामाला होता.

हे एका सरकारी कचेरीत जीप चालवायचे. निवृत्त झाले आणि तीन महिन्यांत भंगारातून एक जुनी व्हॅन ओढून आणली. कुण्या हौशी माणसानं कधीकाळी तिच्यात झोपायचा बाक, शेगडीपुरता ओटा, पाण्याची टाकी बसवून चाकांवरचं घर केलं होतं. आता तळाच्या पत्र्याला भगदाडं पडली होती, इंजिनात उंदरांनी संसार थाटला होता. "जन्मभर सायबांना फिरवलं, आता तुला फिरवतो," म्हणाले. मी समुद्र पाहिला नव्हता. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं अशी हाव धरू नये म्हणतात, मी धरली. यांनी लिंबाच्या फांदीला साखळी बांधून इंजिन उतरवलं, पत्रा कापून नवा जोडला, ब्रेकची नळी न् नळी बदलली. संध्याकाळी काळ्या हातांनी चहाचा कप धरायचे, तेव्हा चेहऱ्यावर विशीतलं काहीतरी परत आलेलं असायचं.

माघातल्या एका सकाळी ट्रायल घ्यायची ठरली. येडशीपर्यंत जायचं, रामलिंगाला हात जोडायचे आणि परतायचं, एवढंच. गाडी एका दमात सुरू झाली. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, कोवळं ऊन काचेवर, मागं टाकीतलं पाणी डचमळत होतं. हे इंजिनाकडं कान लावून हसत होते.

येडशीच्या अलीकडं उतार लागला. खाली मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. यांनी हॉर्न दिला. गाडीचा वेग मात्र कमी होईना.

"अहो, ब्रेक!"

"दाबलाय की!"

मी खाली पाहिलं. यांचा पाय ब्रेकवर नव्हताच. शेजारच्या पत्र्यावर सगळा जोर देऊन टेकलेला होता. मी किंचाळले. यांनी हँडब्रेक ओढला, गाडी रस्त्यात आडवी फिरली आणि एक मेंढी चाकाखाली गेली. तिच्या पोटात पिल्लू होतं.

मेंढक्या म्हातारा होता. तो ओरडला नाही, मेंढीजवळ उकिडवा बसला. हे उतरून त्याच्यासमोर हात जोडून म्हणत राहिले, "ब्रेक फेल झाला, बाबा. ब्रेक फेल झाला." म्हाताऱ्यानं मान वर केली, पण नजर यांच्या पायांपाशीच थांबली. उजव्या पायातली चप्पल गाडीतच निसटून राहिली होती.

"मालक, बाभळीचा काटा मोडलाय पायात. रगत लई चाललंय. दुखंना व्हय तुमाला?"

यांनी खाली पाहिलं. आपल्याच पावलाकडं एखाद्या परक्याच्या वस्तूकडं पाहावं तसे बराच वेळ पाहत राहिले. ज्याची मेंढी मेली, त्यानंच तो काटा काढला.

पुतण्या येऊन गाडी घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी हे गाडीखाली शिरून तासन् तास ब्रेक तपासत होते. काही बिघाड सापडावा म्हणून मीही देव पाण्यात घातले. बाहेर आले ते म्हणाले, "गाडीत काय दोष न्हाय गं." एवढा उजाड आवाज मी यांचा कधी ऐकला नव्हता.

साखरेनं पायाच्या नसा मेल्या होत्या. आधी अंगठा गेला, मग पाऊल, आणि पुढचा माघ यायच्या आत हे. गाडी परंड्याच्या एका भाजीवाल्यानं नेली. अजून चांगली पळते म्हणे.

लोक म्हणतात, माणूस गेलं की त्याचं चांगलं तेवढं मागं उरतं. माझ्यापाशी उरलाय तो ट्रायलच्या आदल्या आठवड्यातला एक दिवस. वेल्डिंगची ठिणगी पावलावर पडून कातडी भाजली होती आणि यांना त्याचा पत्ताच नव्हता. मी दाखवल्यावर यांनीच विचारलं होतं, "आधी दवाखान्यात दाखवून येऊ का?"

"आल्यावर बघू," असं मी म्हणाले होते.