चौदा रकाने आणि गोपाळ मास्टर

या सदरातले अनुभव मी आजवर मनोरंजन म्हणून वाचत आलो. भूत, चकवा, स्वप्नात येणारी माणसं... माझा यावर विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही बसलेला नाही. मी जे लिहितोय त्यात भूत नाहीच. दोन चिठ्ठ्या आहेत. शाई फिकी झालीय, पण वाचता येतात. त्यांच्याबद्दल मी तीस वर्षं गप्प होतो. आता वय बहात्तर, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहून टाकतो.

उज्जैनला फ्रीगंजात, टावर चौकापासून चार पावलांवर एक मोठं शिलाईचं दुकान होतं. खाली कापड, वर कारखाना. वर अकरा मशिनी, कापायचं लांब टेबल आणि जिन्याशेजारी काचेची एक केबिन. त्या केबिनमध्ये मी बसायचो, दुकानाच्या एकुलत्या एका कम्प्यूटरसमोर. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. तेव्हा ज्याला त्याला कम्प्यूटर हवा होता. आमच्या सेठजींनी इंदूरला कुणाच्या तरी ऑफिसात तो पाहिला आणि महिन्याभरात दुकानात आणला. मी सहा महिन्यांचा कोर्स केला होता, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

काम चांगलं होतं, हेही सांगायला हवं. देवास, शाजापूरची गिऱ्हाइकं फोनवर सांगायची, "पिछली बार वाला ही नाप रखना." मग मागचं नाप शोधायला वह्या उपसाव्या लागत, त्यात अर्धा तास जायचा. कम्प्यूटरमध्ये नाव टाकलं की मिनिटभरात चिठ्ठी छापून हातात. दोन वर्षांत कोण फिरकलं नाही, त्याची यादी काढून आम्ही दिवाळीला पत्रं पाठवायचो. कुठल्या मापाचे शर्ट जास्त शिवले जातात ते बघून सेठजी तयार शर्ट करून ठेवायचे.

या सगळ्या वह्या गोपाळ मास्टरांच्या. तीस वर्षं तिथे कटिंग करत होते. आमच्यासारखेच इथले जुने मराठी. माझ्या मुंजीतला कोट त्यांनीच शिवला, लग्नातला सूटही. त्यामुळे मला सेठजींसमोर 'वसंतराव' म्हणायचे आणि एरवी 'वसंता'.

त्यांच्या वहीत नुसते आकडे नसायचे. शेजारी पेन्सिलीने शेरा असायचा. 'वकीलसाहेब नाप देताना पोट आत घेतात, दीड इंच मनाने धरणे.' 'गुरुजी उजवीकडे झुकून चालतात.' 'हे फिटिंग मागतील, देऊ नये.' मी प्रोग्राम बनवला त्यात चौदा रकाने होते. तेरा आकड्यांचे आणि शेवटचा, नाप कोणी घेतलं त्याच्या नावाची दोन अक्षरं. चूक झाली तर कोणाची ते कळावं, म्हणून. ही कल्पना माझी. सेठजींना फार आवडली होती. शेऱ्याला रकाना नव्हता.

आता माझी चूक. वह्या चढवता चढवता मी कंटाळलो. शेवटच्या दोन वह्या राहिल्या होत्या आणि सेठजी रोज विचारायचे, "हो गया?" एक दिवस मी म्हणून टाकलं, "हो गया." पुढच्या आठवड्यात निवांत चढवीन, असा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी दुकानात पोचलो तर सगळ्या वह्या रद्दीत गेलेल्या. सेठजी खूश होते, कपाट रिकामं झालं म्हणून.

आणि मग माधव नगरच्या डॉक्टरांचा फोन आला. मुलाचं लग्न. मुलगा भोपाळला नोकरीला, दिवाळीत नाप देऊन गेला होता, सूट तयार ठेवा. त्याचं नाप त्या राहिलेल्या वहीत. मी काय केलं... त्याच अंगलटीच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे आकडे त्याच्या नावावर चढवले. चौदाव्या रकान्यात गोपाळ मास्टरांची अक्षरं घातली आणि चिठ्ठी बाहेर पाठवली.

मास्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वसंता, हे नाप त्या पोराचं नाही रे."

"तुमच्याच वहीतलं आहे, मास्टर."

"माझ्या? त्याचा डावा खांदा उतरता आहे, पाऊण इंच. लिहून ठेवलं होतं मी. इथे दोन्ही खांदे सरळ. फौजेत भरती झाला का तो?"

कारागीर हसले. मला हसू आलं नाही. "चिठ्ठीत शेऱ्याला जागा नाही," मी म्हणालो.

"मग माणूस कुठे बसवायचा?"

तेव्हा खरं सांगितलं असतं तर भोपाळहून नाप मागवता आलं असतं. पण सेठजींचा नियम होता, चिठ्ठी म्हणेल तसंच कापायचं, कुणाच्या आठवणीवर नाही. मास्टरांनी तसंच कापलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी मुलगा वडिलांबरोबर दुकानात आला. कोट घातला तर छातीवर बटण लागेना आणि डावी बाजू पिशवीसारखी लोंबत होती. डॉक्टर सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले. सेठजींनी मला विचारलं. मी म्हणालो, "मास्टरजी की कॉपी से ही उतारा है."

"सेठजी, ये मेरा नाप नहीं है," मास्टर म्हणाले.

"मशीन की आपसे क्या दुश्मनी है, मास्टर? नीचे आपका ही नाम है. अब उमर हो गई, मान लो."

दाखवायला वही नव्हती. मास्टर माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्या बघण्यात. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होते असं वाटलं. मग गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळली, माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली आणि जिना उतरून गेले.

इथपर्यंत न समजण्यासारखं काही नाही. माणूस खोटं बोलतो, दुसरा भोगतो. पण त्यानंतर दहा मिनिटांनी जे झालं ते मला आजही उलगडलेलं नाही.

दुसरे कटर रईसभाई मुलाचं नाप नव्याने घेऊ लागले. सेठजी म्हणाले, "पुरानी वाली परची भी निकालो, डॉक्टर साहब को मास्टर की गलती दिखानी है." मी मुलाचं नाव टाकून प्रिंट दिला. बाहेरून रईसभाईंचा आवाज येत होता. "छाती साढ़े अड़तीस." प्रिंटरचं डोकं करकरत सरकलं आणि छापलं, साडेअडतीस. मी चढवलं होतं सदतीस. "कमर चौंतीस." चिठ्ठीवर चौतीस. बाही, उंची, पाठ... पुढे पुढे तर बाहेर आकडा उच्चारायच्या आधीच इकडे कागदावर उमटत होता. मी कीबोर्डला हात लावला नव्हता. चौदाव्या रकान्यात गोपाळ मास्टरांची अक्षरं आली, ती मीच चढवलेली होती. आणि मग, प्रोग्राममध्ये नसलेली पंधरावी ओळ छापली गेली. मशीनला देवनागरी येत नव्हती, त्यामुळे रोमन अक्षरांत, पण शब्द मराठी — 'डावा खांदा पाऊण इंच खाली.'

मी स्क्रीनवर पाहिलं. तिथे माझे खोटे आकडे जसेच्या तसे होते.

ती चिठ्ठी सेठजींच्या हातात दिली असती तर मास्टरांना परत बोलावता आलं असतं; ते तेव्हा घरीही पोचले नसतील. मी ती खिशात घातली आणि म्हणालो, "रिबन खतम हो गया."

इंदूरहून मेकॅनिक बोलावला. तो म्हणाला, "डिलीट किया हुआ डेटा कभी-कभी अंदर रह जाता है, बाबूजी." पण मी जे कधी चढवलंच नाही, ते आत राहील कसं?

काही महिन्यांनी मास्टरांच्या घरी गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ते बाहेर ओट्यावर बसले होते. दुसरं दुकान धरलं नव्हतं. "ये वसंता," म्हणाले, चहा करायला लावला, मुलांची चौकशी केली. मी इकडचं तिकडचं बोलत बसलो, ते सांगितलंच नाही. निघताना त्यांची नजर सवयीने माझ्या खांद्यांवरून फिरली. "एका बाजूला ओझं घेतोस का रे?"

"नाही मास्टर."

"असू दे. मला आता नीट दिसत नसेल."

त्याच आठवड्यात दिवाळीच्या पत्रांची यादी छापत असताना मधेच एक चिठ्ठी बाहेर आली. वर माझं नाव. कम्प्यूटरमध्ये माझं नाप नव्हतंच, कधी चढवलंच नव्हतं. छाती चौतीस. मी तेव्हा चांगला चाळिशीचा गडी, छाती चाळीस. एकही आकडा माझा नव्हता. खाली गोपाळ मास्टरांची अक्षरं आणि तीच ओळ, 'डावा खांदा पाऊण इंच खाली.' आरशासमोर जाऊन उभा राहिलो. दोन्ही खांदे सरळ. काहीतरी बिघाड, असं स्वतःला सांगितलं. तरी चिठ्ठी फेकली नाही.

दोन वर्षांनी मास्टर गेले. रेडीमेडच्या लाटेत पुढे दुकानही बंद पडलं.

गेल्या महिन्यात नातीच्या लग्नासाठी मुलाने हट्टाने मला कोट शिवायला नेलं. दहा वर्षांपासून शुगर आहे, अंग पार वाळलंय. शिंपी आकडे सांगत होता आणि त्याची मुलगी मोबाइलवर टिपत होती. "छाती चौंतीस." तिसऱ्या-चौथ्या आकड्याला मला ती जुनी चिठ्ठी आठवली. शिंप्याने पाठीवर टेप लावली, थांबला, पुन्हा लावली. "अंकल, बायां कंधा थोड़ा नीचे है आपका. पौन इंच. कभी चोट लगी थी?"

नाही. कधीच नाही. डॉक्टर म्हणतात वयामुळे होतं. होत असेल. घरी येऊन चिठ्ठी काढली, शिंप्याचे आकडे शेजारी ठेवले; तेराच्या तेरा जुळले. तीस वर्षांपूर्वी छापलेले.

हे लिहायच्या आधी मी मास्टरांच्या मुलीकडे जाऊन आलो. सुशीला, आता साठीची आहे. दोन्ही चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. ती रागावेल, निदान रडेल, असं वाटलं होतं. तिने दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या.

"बाबा शेवटपर्यंत एकच म्हणायचे, काका," ती म्हणाली. "आमची आई तुम्हाला बोल लावायची, तर तिच्यावर चिडायचे. म्हणायचे, वसंता खोटं कशाला बोलेल, माझंच नाप चुकलं असणार. शेवटी शेवटी घरात कुणाचा सदरा कापायचा तरी दहादा मोजायचे आणि कात्री खाली ठेवायचे."

नुसतं तिला सांगून भागणार नव्हतं. म्हणून इथे, छापून येईल अशा जागी लिहितो: गोपाळ मास्टरांचं नाप चुकलं नव्हतं. चूक माझी होती, आणि ते मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. चिठ्ठ्या कोणी छापल्या, कशा छापल्या, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नाही. कुणाला कळलं तर सांगा.

निघताना सुशीलाने त्या मुलाची चिठ्ठी उचलली, देवाजवळच्या डब्यात ठेवली. दुसरी माझ्या हातात परत दिली.

"ही राहू द्या तुमच्याकडे," ती म्हणाली. "ही तुमची आहे."

कोट आलाय. अगदी बरोबर बसतो.