जिजीची भुशाची शेगडी

बाटली काढायच्या वेळी जिजी कुणाला बोलू द्यायची नाही. पत्र्याच्या डब्यात मधोमध सोड्याची रिकामी बाटली उभी धरायची, तिच्याभोवती लाकडाचा भुसा मुठीनं ठासून भरायचा आणि मग बाटली हळूहळू फिरवत वर ओढायची. तेवढा वेळ ती श्वास धरायची, समोरच्यालाही धरायला लावायची. बाटली सुटली आणि मधलं भोक ढासळलं नाही, की पदरानं कपाळ पुसून म्हणायची, "मोकळी झाली बाळंतीण. आता बोल."

डब्याच्या खालच्या अंगाला आणखी एक भोक असतं. त्यातून पेटती काडी आत सारली की भुसा मंद जळत राहतो. सकाळच्या चहापासून दुपारच्या भाकरीपर्यंत निघून जातं, वर आंघोळीचं पाणीही तापतं.

डिंडोलीच्या आमच्या चाळीत ती माझ्या शेजारच्या खोलीत एकटी राहायची. अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. नळावर भांडण लागलं की पहिला आवाज तिचा, आणि त्याच भांडणातल्या बाईला ताप आला तर पेज घेऊन जाणारीही तीच. खानदेशातली, अमळनेरकडची. नवरा पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये होता, तो वारलेला. मी वाशीमकडची, सातवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन थेट सुरतेत आलेली. मला सगळ्याचीच भीती वाटायची. कडी लावली का हे मी तीनतीनदा बघायची. जिजीच्या बोलण्यात 'तुले', 'माले' आलं की आमच्या गावचंच कुणी बोलतंय असं वाटून जीव थोडा खाली बसायचा. कशालाही घाबरले की ती म्हणायची, "मी शे ना!" म्हणजे, मी आहे ना.

आमचं रेशनकार्ड गावाला, सासूजवळ. त्यामुळे इथं रॉकेल बाटलीनं घ्यावं लागे, तेही चढ्या भावानं. हे कापड विणायच्या लूमवरून आले की आधी स्टोव्ह कानाशी धरून हलवायचे, आत किती उरलंय ते बघायला. मी मग सकाळीच दोन्ही वेळचं रांधून ठेवायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत वरण आंबायचं.

जिजीनं एकदा वास घेतला. "काय वं, नवऱ्याले आंबेल वरण खाऊ घालतेस? पळून जाईल ना तो!"

मी रडायला लागले. दुसऱ्या दिवशी ती रंगाचा एक रिकामा डबा घेऊन आली, नवऱ्याच्या मिलमधल्या जुन्या ओळखीनं मिळवलेला. वखारीत मला बरोबर नेऊन भुशाचं पोतं डोक्यावर दिलं. पहिले दोन दिवस जाळ हिरवा दिसायचा, डब्याला आतून रंग राहिला होता म्हणून. मी घाबरून तिला हाक मारली. "दिवाळी शे म्हण," ती म्हणाली, "फटाके नकोत का तुले?" महिन्याभरात आमच्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांत भुशाच्या शेगड्या झाल्या. आमचा स्टोव्ह फळीवर जाऊन बसला. संध्याकाळी ताजी भाकरी मिळायला लागली तशी ह्यांची मानही वर झाली.

मग तिनं मला साड्यांच्या कामाला लावलं. पर्वत पाटियाच्या एका व्यापाऱ्याचा माणूस गठ्ठे जिजीकडे टाकायचा आणि ती आम्हा पाच जणींना वाटायची, एक स्वतःकडे ठेवायची. भरतकामाच्या मागचे सुटे धागे कापायचं काम. हे काम माझ्यासाठी नुसतं काम नव्हतं. ह्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "हे आहे तोवर आपण दोघं इथं राहू. नाहीतर तू गावाला, आणि मी लूमवाल्यांच्या खोलीत." त्यामुळे एकेक धागा मी असा कापायची, जणू कापड नाही, माझी कातडी आहे.

पावसाळ्यात खाडीचं पाणी उंबऱ्याला लागायचं. गठ्ठे भिजू नयेत म्हणून आम्ही ते वर फळीवर चढवायचो. फळी शेगडीच्या अगदी डोक्यावर, पण भुसा कोरडा असला की काही होत नसे. एकदा पाणी आत शिरलं आणि माझं पोतं खालून भिजलं. जिजी स्वतःचं अर्धं कोरडं पोतं घेऊन आली. "हे तू वापर. तू घाबरट, तुले ओलं जमणार नाही." माझं ओलं पोतं ती उचलून तिच्याकडे घेऊन गेली. आजही हे आठवलं की माझा राग पुरा होत नाही, अर्ध्यात अडकतो.

त्या दिवशी तिच्या खोलीतून सकाळभर धूर येत होता. दुपारी व्यापाऱ्याचा माणूस गठ्ठे न्यायला आला. बदामी रंगाच्या साड्यांचा एक गठ्ठा त्यानं ओट्यावर सोडला, घडी नाकाशी नेली.

"धुमाडो!" तो ओरडला. "आ कोनुं छे?" धुराचा वास मारतोय, हे कुणाचं, असं विचारत होता.

तो गठ्ठा जिजीचा होता. आम्ही पाचही जणी उभ्या होतो, पाचही जणींना माहीत होतं. जिजीनं माझ्याकडे बोट केलं. "पेली नवी छे ने, एनुं."

त्या नवीचं, असं ती म्हणाली. नवी मीच होते. मला वाटलं, तिची चूक झाली, आता सुधारेल. मी तिच्याकडे बघत राहिले. ती उंबऱ्याशी साचलेल्या पाण्याकडे बघत होती.

"तारुं छे?" माणसानं मला विचारलं, तुझं का म्हणून.

जिनं मला चूल दिली, तिला चार जणींत खोटं कसं पाडायचं? आणि खरं सांगू, तेव्हाही माझ्या मनात होतं की हिनं काहीतरी ठरवलं असेल, नंतर ही सगळं निस्तरेल. मी मान हलवली.

"आने हवे काम नहीं आपवानुं," तो जिजीला म्हणाला. हिला आता काम द्यायचं नाही.

"नहीं आपुं," जिजी म्हणाली. लगेच म्हणाली. इतकी लगेच, की ते मला बोटापेक्षा जास्त लागलं.

तो गेल्यावर ती वाटीत शिरा घेऊन माझ्या दारात आली. आत आली नाही. "माझं नाव निघालं असतं तर पाचही जणींचं काम गेलं असतं."

"मग माझं गेलं त्याचं काय?"

"तुले माणूस शे," ती म्हणाली. "माले कोण शे?" वाटी माझ्या हातात देत म्हणाली, "दुसऱ्या शेठकडे मी तुझं सांगते."

तिनं कुणाकडेही सांगितलं नाही. पंधरा दिवस मी वाट बघितली. नळावर ती माझ्याआधी पाणी भरून निघून जायची. ह्यांना मी खरं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मान कुणी हलवली? तूच ना?" पोळ्याआधी मला गावाला पाठवलं.

दोन पावसाळे मी सासरी काढले. ह्यांना लूमवर कायमचं काम मिळालं आणि मी परत आले, तेव्हा जिजी नव्हती. अमळनेरला भाच्याकडे गेली म्हणाले, कुणी म्हणालं, तिकडेच वारली. ठावठिकाणा कुणाकडेच नव्हता. तिच्या खोलीत परभणीकडची एक पोर राहायला आलेली होती, माझ्यासारखीच नुकती लग्न झालेली. तिनं चहाला बोलावलं. मला खाली बसवून शेगडी भरायला लागली, बाटली काढताना बोटानं मला गप्प बसवलं.

"जाताना जिजीनं शिकवलं हे सगळं," ती म्हणाली. "एक गोष्ट दहादा सांगायची. इथं एक वाशीमकडची होती म्हणे, तिनं ओला भुसा जाळून साड्यांचा अख्खा गठ्ठा घालवला. पोर गुणाची होती, पण घाबरट, असं म्हणायची. तू तरी तसं करू नकोस म्हणायची."

मी वर पाहिलं. फळीच्या खाली भिंतीला चुना दिलेला होता आणि त्यातून काळं वर आलं होतं.

"दोनदा चुना दिला ह्यांनी," ती म्हणाली. "जातच नाही. कशाचा डाग आहे कोण जाणे."

"ओल्या भुशाचा," मी म्हटलं. "जिजीच्या."

ती हसली. माझ्यापुढे कप सरकवत म्हणाली, "म्हणजे ती गोष्ट तुलाही सांगितलेली आहे वाटतं तिनं."