बाभळीपाशी बंद पडणारी गाडी

नागपुरात सीताबर्डीच्या मागच्या बाजूला तेव्हा माझं लहानसं गॅरेज होतं. डिझेलच्या गाड्या शहरात मोजक्याच होत्या, आणि त्यांचा पंप उघडणारे हात त्याहून कमी. त्यामुळे माझं डोकं जरा चढलेलंच असायचं. कोणी भुताखेताची गोष्ट काढली की मी चिडायचो.

लाकडाच्या एका वखारीची जुनी, उघड्या हौद्याची डिझेल गाडी तीनदा माझ्याकडे आली. कळमेश्वरहून येताना ठरावीक बाभळीपाशी इंजिन अडखळायचं, पांढरा धूर सोडायचं आणि बंद पडायचं. तीनही वेळा मी नोझल साफ केले, पंपातली हवा काढली. फिल्टर धुऊन टाकला, पण त्यातून काय निघतं ते पाहायची तसदी घेतली नाही. गाडी पुन्हा त्याच बाभळीपाशी बंद पडली. आता एकदा जरी थांबली तर दुसरा माणूस ठेवतो, असं मालकाने ड्रायव्हरला बजावलं.

ड्रायव्हर माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "गाडी तो थांबवून राहिला गा, मिस्त्री. मले बोलावून राहिला."

'तो' म्हणजे त्याचा क्लीनर. वयाने त्याच्याहून मोठा. गेल्या वैशाखात ऊन लागून त्याच बाभळीखाली गेला होता. मला ड्रायव्हरची कीव आली आणि रागही आला. त्याची नोकरी वाचवायचीच, असं ठरवून मी पुढच्या खेपेला सोबत गेलो.

परतताना भर दुपारी त्याने एका विहिरीपाशी गाडी थांबवली. लोटाभर पाणी काढलं आणि केबिनमागे, हौद्यात अंथरलेल्या पोत्यावर ओतलं. क्लीनर तिथेच बसायचा. "त्या दिवशी इथं पाणी मागितलं त्यानं," ड्रायव्हर म्हणाला. "मी म्हटलं, पुढं पिऊ." पुढे दोन मैलांवर तो कोसळला. तेव्हापासून हा दर खेपेला त्याला पाणी देत होता. गेलेल्या माणसाला पाणी देतातच, म्हणून मी त्याला अडवलं नाही.

मी कान इंजिनाकडे लावून बसलो. आवाज स्वच्छ होता. बाभळीची सावली बॉनेटवर पडली आणि इंजिन खोकलं, पांढरा धूर सुटला, गाडी थांबली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. वारा अजिबात नव्हता, तरी वर शेंगा वाजत होत्या.

ड्रायव्हरने स्टिअरिंग सोडलं नाही, मानही वळवली नाही. "मागं कोणी बसलं काय, पाह्य बरं."

मी पाहिलं. ओलं पोतं होतं, दुसरं कोणी नव्हतं.

मी खाली उतरून फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल केला. ओंजळीत डिझेल आलं नाही, पाणी आलं. हौद्यात चढून पोतं उचललं, तर खाली टाकीचं झाकण, आणि त्याचा वॉशर झिजून गेलेला. सगळा उलगडा झाला. भीती उतरली तसा मी मोठमोठ्याने हसायलाच लागलो.

"भूतबित काही नाही गा!" फिल्टरखाली पुन्हा ओंजळ भरून ती त्याच्यासमोर धरत मी ओरडलो. "तूच टाकीले पाणी पाजून राहिला. ते इंजिनात पोचेपर्यंत दोन मैल होतात, बस."

त्याने त्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं.

"घेतलं नाही गा त्यानं," तो म्हणाला. "वापस केलं."

मी वॉशर समजावला, पाइप दाखवला. त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. तो खाली उतरला आणि बाभळीखाली जाऊन बसला. मी पाणी काढून टाकलं, हवा काढली, आणि गाडी एकट्यानेच नागपूरला आणली. त्यानंतर त्याने कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग धरलं नाही.

ते पाणी त्याला दाखवायला नको होतं. गुपचूप वॉशर बदलला असता, तरी गाडी चालली असती.