धूळ खाणारी लाल बस

कोठी बाजारातल्या एका चष्मेवाल्याच्या काचेच्या कपाटात चष्मे कमी आणि त्याने स्वतः बनवलेली बसची छोटी मॉडेल्सच जास्त. ऑफिसला जाताना रोज दिसतो. चष्मा कपाळावर, हातात पावडर लावायचा ब्रश. डबलडेकरच्या एकेका खिडकीवरून तो असा फिरवतो, जणू बाळाचं तोंड पुसतोय. गिऱ्हाईक खोळंबलं तर खुशाल खोळंबो!

कोपऱ्यातली एक लाल बस मात्र धुळीने माखलेली. मला कुठलीच धूळ बघवत नाही. काल चष्मा आणायला गेलो आणि तिच्यावर फुंकर मारायला वाकलो, तर तो ओरडलाच, "नक्को साब! हमारे गाँव की बस है. साफ करे तो कौन पैचानता?"

आणि शहरातल्या साऱ्या बसची ब्रशवर जमलेली धूळ त्याने हळूच तिच्या टपावर झटकली.