पेढा भरवणारी मावशी

आमच्या काळेवाडीच्या नगरसेवकांना गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली, म्हणून चौकात सोहळा होता. मी चाकणहून शिफ्ट संपवून घरी निघालो होतो. मांडवाने रस्ताच अडवला होता, म्हणून थांबलो. फ्लेक्सवर साहेबांच्या डोक्यावर मुकुट होता आणि व्यासपीठावर ते खुद्द सिंहासनात बसले होते.

ओवाळायला वस्तीतल्या बायका आणल्या होत्या. शेवटची एक साठीची मावशी होती, पदर खोचलेली. तिचं नाव मला आजही माहीत नाही. तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळायला लागली, ती थांबेचना. साहेब पेढ्यासाठी तोंड उघडून बसलेले आणि ही आपली तबक फिरवतेय.

"मावशी, आटपा," म्हणत निवेदक माईक घेऊन जवळ आला.

"आमच्या गल्लीत नळ कवा येणार, तेवढं सांगा साहेब. मग पेढा भरवते."

माईकमुळे ते चौकभर ऐकू गेलं. साहेब हसले. "उद्या पाणी येईल."

तिने पेढा भरवला आणि वाकून नमस्कारही केला.

दुसऱ्या दिवशी खरंच टँकर आला. त्यावर 'राजांची जनतेला भेट' असा फलक होता. मावशी रांगेत दिसली.

"आलं की पाणी, मावशी," मी म्हणालो.

तिला राग आलेला नव्हता. घरातल्या माणसाची खोड सांगावी, तशी ती बोलली.

"व्हय, पाणी आलं. नळाचं आता पन्नाशीच्या सोहळ्यात इचारीन."